कुंभकर्णाच्या पोटातून पाहिलेलं इंदूर

इंदूरला जाताना मी पोहे घेऊन गेले होते. जाडे पोहे, चांगली मोठी पिशवी भरून, शिवाय मेतकूट, गोडा मसाला आणि तापाच्या गोळ्या. हे वाचून ज्यांना हसू आलं, ते इंदूर पाहून आलेले असणार. ज्यांना नाही आलं, त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे.

तेव्हा मी आजी नव्हते. पुण्यात बँकेत क्लार्क होते, केस काळे होते, कंबर म्हणून दाखवता येईल असं काहीतरी होतं आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मला मत होतं. नव्या आर्थिक धोरणाचे ते दिवस. पेपरातले लेख मी पेन्सिलीनं खुणा करत वाचायची आणि डबा खाताना बँकेतल्या बायकांना समजावून सांगायची. स्पर्धा, कार्यक्षमता, खुली बाजारपेठ. बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या, कारण माझ्या डब्यातलं लोणचं चांगलं असायचं.

माझी थोरली बहीण विमलताई लग्न होऊन इंदूरला गेलेली. दत्तूभाऊजी तिथल्या एका कापडगिरणीत फिटर. गिरणी हा आपला शब्द, इंदूरची मराठी माणसंही मिलच म्हणतात. ताई दर मे महिन्यात साताऱ्याला माहेरी यायची, त्यामुळे आमच्यापैकी कुणाला तिच्याकडे जायची वेळच आली नाही. मग मिल बंद पडल्याचं कळलं. मी लगेच यजमानांच्या ओळखीनं भोसरीच्या एका कारखान्यात भाऊजींसाठी वॉचमनची जागा ठरवली, आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या पाहिल्या, आणि त्या दोघांना घेऊन यायला निघाले. त्यांची मुलगी देवासला दिलेली, तेव्हा मागे अडकायलाही काही नव्हतं. येताना आम्ही तिघं असू, असं यजमानांना बजावलं. ताईला विचारायचं राहिलं. खरं तर सुचलंच नाही.

राऊच्या अलीकडे

रात्रीच्या बसबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मान दुखली एवढंच. सकाळी डोळे उघडले तेव्हा बाहेर सोयाबीनची शेतं पसरली होती, काळ्याभोर मातीवर हिरवा गालिचा अंथरल्यासारखी. दुष्काळी मुलूख लागणार अशी मी का कोण जाणे समजूत करून घेतली होती. शेजारी फेटेवाला शेतकरी बसला होता. त्यानं कागदातली शेव पुढं केली आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"बेनजी, थैले में क्या ले जा रिये हो?"

"पोहे."

त्यानं पिशवी एकदा निरखून पाहिली. मग मागच्या सीटवाल्याकडे वळून म्हणाला, "ये इंदौर में पोहे ले जा रई हैं." मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. इंदूरच्या वेशीवरचं राऊ येईपर्यंत बातमी ड्रायव्हरपर्यंत पोचली होती आणि त्यानं आरशातून मला नमस्कार केला.

नुक्कड

मिल बंद पडलेल्या घरात काय दिसेल याची मी वाटभर तयारी केली होती. विझलेली चूल, काळवंडलेले चेहरे, मी धीर देणार, ताई पदराला डोळे पुसणार. ताई घरात नव्हतीच. गल्लीच्या तोंडाशी, ज्याला तिथं नुक्कड म्हणतात, ती पोह्यांच्या ठेल्यासमोर उभी होती. एका हातात पोह्यांचा कागद, दुसऱ्या हातात जिलबी, आणि तोंडानं चार पुरुषांशी भांडण.

"आली का गं," ती म्हणाली, जणू मी भाजी आणायला गेले होते. "आधी नाश्ता कर. भिया, एक प्लेट और, जीरावन जरा जास्ती."

इंदुरी पोहे आपल्यासारखे फोडणीत परतून झाकण ठेवून विसरत नाहीत. पातेल्याखाली उकळतं पाणी असतं, त्याच्या वाफेवर ते सकाळभर मऊ राहतात. त्यात बडीशेप असते. वर कांदा, शेव, आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला. सोबत गरम जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी हे मला आधी पाप वाटलं. दुसरी प्लेट मागितली तेव्हा ठेलेवाल्याची नजर माझ्या पिशवीवर गेली आणि मी ती पायाआड सरकवली.

"भांडण कशाचं?" मी विचारलं.

"झांकीचं. मिलची झांकी निघेल की नाही, त्याचं चालून राहिलं."

साताऱ्याची ताई इतक्या वर्षांत कशी बोलायला लागली होती. आता झांकी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या प्रत्येक मिलचे कामगार ट्रॉलीवर देखावा करून काढतात. पुराणातला प्रसंग, अंगभर दिवे, आणि पुतळे हलणारे. मान डोलते, गदा फिरते, साप फणा काढतो. हे सगळं मिलचेच फिटर आणि जॉबर, म्हणजे मुकादम, करतात, यंत्राला जसं नाचवतात तसं. अख्खं शहर दुपारपासून रस्त्याकडेला चटया टाकून बसतं. रांगेत प्रत्येक मिलची जागा ठरलेली. एक वर्ष झांकी चुकली की पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्याची.

आपल्याकडे गणपती दिवाणखान्यात बसल्यासारखे बसतात. इंदूरला ते कामावर निघतात.

घरी जाऊन मी माझा बेत मांडला. भोसरी, दोन खोल्या, नळाला दोन वेळ पाणी. त्याआधी खुल्या बाजारपेठेवर थोडं बोलले. बुडणाऱ्या धंद्याला धरून बसणं हे कसं भावनिक आहे, हेही सांगितलं. दत्तूभाऊजी मोठ्या अंगाचे, शांत गृहस्थ. ते पंख्याकडे पाहत राहिले. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"हे पीथमपूरला जाऊन आले. नव्या फॅक्टऱ्या भारी आहेत, पण त्यांना विशीतली पोरं लागतात. तेव्हा तू म्हणतेस ते खोटं नाही. एक करू. यंदा झांकी नाही निघाली, तर आम्ही सामान बांधतो, तुझ्यासोबत येतो. निघाली, तर इथंच राहतो. मंजूर?"

भाऊजींनी मान हलवली. मीही मंजूर म्हटलं. बंद मिलची झांकी कशी निघणार? मी मनात त्या दोन खोल्यांच्या पडद्यांचं कापडसुद्धा निवडलं.

फाटकासमोर

दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकासमोर झांकी समितीची बैठक होती. फाटकाला साखळी आणि लाखेचं सील. आत भोंग्याची उंच नळी. त्या भोंग्यावर ही सगळी वस्ती उठायची, जेवायची आणि झोपायची.

समितीचे प्रमुख रामेश्वरजी, जुने जॉबर, मिशा पिळलेल्या. त्यांनी अडचण सांगितली. मिलचा ट्रक नाही, वीज नाही, साहित्य आतल्या वर्कशॉपमध्ये कुलपात. जेल रोडवरचा टीव्हीचा एक दुकानदार सगळं द्यायला तयार होता, अट एकच. पुढच्या पाटीवर मिलचं नाव नको, त्याच्या दुकानाचं हवं.

"तो निकलेगी तो सही," रामेश्वरजी म्हणाले.

"निघेल, पण कुणाची?" भाऊजी म्हणाले. दोन दिवसांत मी ऐकलेलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. "त्यापेक्षा नको काढायला."

मी खूश. हो म्हणाले तर झांकी दुकानदाराची, नाही म्हणाले तर झांकीच नाही, दोन्हीकडून पुणंच.

मग मत घ्यायचं ठरलं, आणि मी एक गंमत पाहिली. या समितीत मत द्यायची रीत अशी, की कामगारानं आपला पितळी बिल्ला मुठीत धरून हात वर करायचा. बिल्ला नाही त्याला मत नाही. मिल बंद झाली त्या दिवशी बिल्ले जमा करून घेतलेले. तरी सवयीनं सगळ्यांनी हात वर केले ते मुठी आवळूनच.

बायका मागं चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. ताईनं किटली खाली ठेवली.

"रामेश्वर भिया, मूठ उघडा."

"क्यों?"

"उघडा तर. काय आहे बघू."

त्यांनी उघडली. शेजारच्यानंही उघडली. रिकाम्या. काही जण आपल्याच तळव्याकडे असे पाहत राहिले, की मला क्षणभर तिकडं बघवेना.

ताईनं आपली मूठ वर केली. "माझ्याकडं पण तेच आहे. मग माझं मत का नको?"

मागून शांतिबाई म्हणाली, "अपने पास भी ये-ई हे." ही ताईची शेजारीण, चिमणीएवढी, मिरचीसारखी. तिच्यामागून सगळ्या बायकांच्या मुठी वर गेल्या. रामेश्वरजींनी मिशीला हात लावला, खाली घेतला, पुन्हा लावला.

"भाभी," ते शेवटी म्हणाले, "फिर बताओ क्या करना."

ते ताईनं ठरवूनच आणलेलं होतं. देखावा कुंभकर्णाचा. तो आडवा झोपलेला. ढोल वाजवले, उठत नाही. "त्याच्या कानाशी त्या दुकानदाराचे टीव्ही लावायचे, मोठ्यानं. तरी उठणार नाही. आणि मग मिलचा भोंगा वाजेल. तेव्हा उठेल."

"भोंगा तो अंदर हे," कुणीतरी म्हणालं.

"तोंडं तर बाहेर आहेत नं? आयुष्यभर ऐकला, वाजवता येत नाही?"

एक म्हातारा कामगार मागं बसला होता. त्यानं तोंडाशी दोन्ही हात धरले आणि हलकेच ऊँऽऽ असा सूर लावला. हुबेहूब. गल्लीतल्या दोन घरांची दारं उघडली गेली. मत मोजायची गरज पडली नाही.

मी हात वर केला नव्हता. मी पुण्याची.

जेल रोड

दुकानदाराला पटवायला ताई मला सोबत घेऊन गेली, म्हणाली, "बँकवाली सोबत असली की वजन पडतं." महेशजी तरुण होते, गळ्यात सोन्याची साखळी, दुकानात भिंतभर रंगीत टीव्ही आणि सगळ्यांवर एकच बाई नाचत होती.

"पण भाभी, नाम तो अपना दिखना चइये."

"नाम कौन पढ़ता है, भिया? टीव्ही चलेगा तो सब देखेंगे. पूरा इंदौर."

"लगेंगे कहाँ?"

"कुंभकरण के कान पे."

महेशजी विचारात पडले. "मतलब हमारे टीव्ही से उसकी नींद नी खुलेगी?"

मला वाटलं, संपलं. ताई गोड हसली. "नींद बिगाड़े वो कैसा टीव्ही? आराम से सोते-सोते देखो, ऐसा माल है आपका."

महेशजींनी आम्हाला शिकंजी पाजली. आपल्याकडची लिंबाची नव्हे, तिथली घट्ट, दुधाची, सुक्या मेव्याची. टीव्ही कबूल केले, वर जनरेटरही. मी अर्थशास्त्राचे एवढे लेख वाचले होते, पण बाजारपेठ खुली होताना प्रत्यक्ष पाहिली ती त्या दिवशी.

पोटाचं काम

पुढचे दिवस गल्लीला झोप नव्हती. ट्रॉली देपालपूरहून आली. शांतिबाईच्या भावाचं तिथं शेत, ट्रॅक्टरसकट तोच आला. दिवे आणि वायर सियागंजच्या व्यापाऱ्यांनी दिले, तिथं म्हणे मिलच्या झांकीला नाही म्हणायची पद्धत नाही. भाऊजी बांबूच्या सांगाड्यात शिरले आणि अचानक बोलायला लागले. हा दांडा इथं, ती चाकी तिथं, पट्टा ढिला सोड, नाहीतर सुटेल. पंख्याकडे पाहत बसणारा माणूस तो हाच का, असा मला प्रश्न पडला.

अडचण आली ती पोटाची. कुंभकर्णाचं पोट मोठं, त्याला कापड पुरेना. तेव्हा बायका घरी गेल्या आणि चादरी घेऊन आल्या. मिलच्याच कापडाच्या, कुणाच्या लग्नातल्या, कुणाच्या बाळंतपणातल्या. धुवून धुवून मऊ झालेल्या. त्या जोडायचं काम माझ्याकडे आलं. "बँकेत बसतेस, हात साफ असतील," ताई म्हणाली. मी शिवत बसले. मधूनच मला आठवायचं, की आपण शत्रूच्या गोटात काम करतो आहोत. मग कुणीतरी भुट्ट्याचा कीस आणून द्यायचं. मक्याचं कोवळं कणीस किसून दुधात शिजवतात, वर खोबरं, लिंबू. तो खाताना शत्रुत्व टिकत नाही. एका दुपारी बाफले झाले, कणकेचे गोळे उकडून, भाजून तुपात बुडवलेले, आणि माझी शिवण थोडी तिरकी गेली.

राक्षस उठल्यावर त्याच्यापुढं अन्नाचा ढीग हवा. भात परवडेना, मातीचा शोभेना. शांतिबाईनं खुंटीवरच्या माझ्या पिशवीकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत पुण्याचे जाडे पोहे परातीत होते.

अनंत चतुर्दशी

संध्याकाळ उतरत होती. झांक्या ओळीनं उभ्या होत्या, पुढं अजून दिवे लागायचे होते, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं. आपल्याकडे मिरवणुकीत लोक धक्के खात चालतात. इथं लोक बसतात, डबे उघडतात, मुलांना मांडीवर घेतात आणि नाटकाला आल्यासारखी वाट पाहतात. कुणी मला जागा दिली, कुणी कचोरी. पुढच्या पाटीवर मिलचं नाव, ताज्या रंगात.

जनरेटर सुरू झाला. टीव्ही लागले. बटण दाबलं, आणि कुंभकर्णाच्या पोटातून जळका वास आला.

मोटर गेली होती. पिठाच्या चक्कीची जुनी मोटर ती, दुसरी मिळायला वेळ नव्हता. पुढची झांकी सरकायला लागली होती. रांगेत अंतर पडलं की मागची पुढं घुसणार, हे सगळ्यांना माहीत.

"हातानं फिरवता येईल," भाऊजी म्हणाले. "हँडल लावतो. पण आत बसायला जागा एवढीशी." त्यांनी आपल्या खांद्यांकडे पाहिलं, मग रामेश्वरजींच्या. शांतिबाईनं तोवर पदर खोचला होता. "एक और लगेगी," ती आतून ओरडली.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सोपा विजय होता. मी नुसतं उभं राहायचं होतं, कचोरी संपवायची होती. ताई माझ्याकडे पाहत होती. तिनं विनवलं असतं तर मी कारणं सांगितली असती, तेवढीही संधी तिनं दिली नाही. बोलले ते रामेश्वरजी, आणि तेही माझ्या भल्यासाठी.

"पुणेवाली बेनजी को रेने दो. उनसे नी होगा."

पुढं नातींना मी सांगत आले, की मी बहिणीसाठी मोठा त्याग केला. कसला त्याग. चिडले. कचोरी रामेश्वरजींच्या हातात दिली आणि बँकेच्या समारंभात नेसायची रेशमी साडी वर धरून राक्षसाच्या पोटात शिरले.

आत खळीचा आणि जळक्या तांब्याचा वास. मी आणि शांतिबाई गुडघ्याला गुडघा लावून, मध्ये लोखंडी हँडल. मी शिवलेल्या चादरींतून बाहेरचे दिवे झिरपत होते, आणि ती तिरकी शिवण माझ्या नाकासमोर होती. ट्रॉली हलली. ढोल वाजले. टीव्हीतली बाई नाचत असावी. भाऊजींनी बाहेरून बांबूवर थाप मारली, म्हणजे तयार राहा.

मग भोंगा झाला.

आधी एका म्हाताऱ्याचा. त्यात ट्रॉलीसोबत चालणाऱ्या सगळ्या कामगारांचा आवाज मिसळला. तेवढंच ठरलं होतं. पण रस्त्याच्या कडेनंही तो उचलला. चटयांवर बसलेले, गच्च्यांवरचे, दुसऱ्या मिलांचे, ज्यांचे भोंगे त्याच्या आधी किंवा नंतर मुके झाले ते सगळे. ऊँऽऽ. चादरीचं पोट थरथरायला लागलं. शांतिबाई काहीतरी बोलत होती, मला ऐकू येईना. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"घुमा, बेन," एवढं तिच्या ओठांवरून कळलं.

हँडल हलेना. मी दोन्ही पाय सांगाड्याला लावले. रेशीम फाटल्याचा आवाज आला, तो मात्र मी ऐकला. मग वर कुठंतरी काहीतरी सुटलं, चाकी फिरली, आणि आमच्या डोक्यावर तो प्रचंड देह उठून बसला.

इंदूरनं काय केलं ते मला दिसलं नाही. ऐकलं. तसा आवाज मी नंतर कधी ऐकला नाही, निवडणुकीत नाही, क्रिकेटात नाही. आम्ही त्याला झोपवलं आणि पुन्हा उठवलं. चौकाचौकात तेच. मध्येच चादरीच्या फटीतून ताईचा हात आत आला, त्यात जिलबी. कुठला चौक हे विचारायचं भान कुणाला होतं. इंदूरचा राजवाडा लोक लांबून बघायला येतात. मी त्याच्यासमोरून गेले ते राक्षसाच्या पोटात, तोंडात जिलबी घेऊन.

परत

ताई-भाऊजी आले नाहीत, हे सांगायला नको. महेशजींनी भाऊजींना दुकानाच्या काचेमागं हलणारा हत्ती करायला सांगितला. तो पाहून आणखी दुकानांनी सांगितलं, आणि भाऊजी म्हातारे होईपर्यंत इंदूरच्या नव्या दुकानांतली माकडं, मोर आणि वादक हलवत राहिले. सगळ्यांचं असं झालं नाही. त्या गल्लीतली काही घरं सुरतला गेली, काही कुठं गेली ते कळलंच नाही. पण झांकी दर वर्षी निघाली, त्याच जागी, आणि समितीत बायकांच्या मुठी असतात. भोसरीची वॉचमनची जागा यजमानांच्या मित्राच्या मेहुण्याला मिळाली. त्यानं ती चांगली राखली.

पुण्याला बसस्टँडवर यजमान तीन जणांचं सामान उचलायच्या तयारीनं आले होते. मी एकटी उतरले. साडीला टाके, केसात बांबूची कुसळं, हातात जीरावनाचं पुडकं.

"ते कुठंयत?"

"राहिले."

"मग इतके दिवस तू केलंस काय तिथं?"

काय सांगणार होते. राजवाडा पाहिला नाही, झांक्या पाहिल्या नाहीत, पोहे तिथंच राहिले. मी मूठ उघडून दाखवली. हँडलचे फोड होते, चांगले टपोरे.

"मिलमध्ये एक पाळी केली," मी म्हटलं.